अर्ध्यावर उठून गेलेले

२०२२ साली अमेरिकेत माजी सैनिकांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या सरकारी माजी सैनिक आरोग्यसेवेच्या, म्हणजे व्हेटरन्स अफेअर्सच्या, १७ हॉस्पिटलांतले ९१६ माजी सैनिक त्यात सामील होते. त्यांपैकी १८६ स्त्रिया होत्या. सगळ्यांना पीटीएसडी होता. लढाईतला किंवा नोकरीतलाच एखादा भयंकर प्रसंग घडून वर्षं लोटतात, तरी तो मनातून हलत नाही. झोप उडते, दचकणं थांबत नाही आणि माणूस स्वतःच्या घरातही पहाऱ्यावर असल्यासारखा वावरतो. नैराश्य आणि चिंताविकार हे या आजाराचे नेहमीचे सोबती. या लोकांची कुठलीही निवड न करता, नशिबाने येईल त्याप्रमाणे दोन गटांत वाटणी झाली. एका गटाला ‘प्रोलाँग्ड एक्स्पोजर’ आणि दुसऱ्याला ‘कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी’ मिळाली. दोन्ही उपचार औषधाविना, समोरासमोर बसून बोलण्याचे आणि दोन्ही नावाजलेले. यातला सरस कोणता, एवढंच ठरवायचं होतं.

बरं दोन्ही गटांना वाटलं. एक्स्पोजरचा गट मोजमापात किंचित पुढे राहिला, पण फरक इतका बारीक की रोजच्या जगण्यात तो कुणाच्या लक्षातही आला नसता, आणि संशोधकांनी तसं स्पष्ट लिहिलं आहे. मी अडखळलो ते त्याच अहवालातल्या दुसऱ्या दोन आकड्यांपाशी. एक्स्पोजर घेणाऱ्यांपैकी ५५.८ टक्के आणि दुसऱ्या गटातले ४६.६ टक्के लोक उपचार पुरा होण्याआधीच यायचे थांबले.

ही काही वाटेल त्या दवाखान्यातली गोष्ट नव्हे. इथे उपचार करणारे खास शिकवलेले होते, त्यांच्या कामावर देखरेख होती, पैशाचा प्रश्न नव्हता आणि रुग्ण स्वतःहून तयार झालेले होते. तरीही साधारण निम्मे उठून गेले. काही जण बरं वाटू लागलं म्हणूनही येत नाहीत, हे खरं आहे, पण तेवढ्याने निम्म्यांचा हिशेब लागत नाही. बोलण्याच्या उपचारांची तुलना वाचताना मी आता आधी हा आकडा शोधतो. कोणती पद्धत जिंकली हे त्यानंतर पाहतो. सैनिकाच्या बाबतीत तुलनेचा खरा कस इथेच लागतो, असं मला वाटतं.

सैनिकाला बोलतं करावं की गप्प राहू द्यावं, हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्यातून आलेले, वाचा गेलेले, पाय लुळे पडलेले, रात्रभर किंचाळणारे सैनिक इंग्लंडच्या हॉस्पिटलांत भरले. चार्ल्स मायर्स या डॉक्टरने १९१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘शेल शॉक’ हा शब्द वापरला आणि तो सर्वतोमुखी झाला. एडिंबराच्या क्रेगलॉकहार्ट हॉस्पिटलात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स नावाचे डॉक्टर होते. मुळात हा माणूस संशोधक. निलगिरीत राहून तोडा लोकांचा अभ्यास करून त्यांनी १९०६ साली त्यांच्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला होता. अनोळखी माणसांचं शांतपणे ऐकून घेण्याची सवय त्यांना तिथेच लागली असावी, असा माझा अंदाज. १९१७ मध्ये कवी सिगफ्रिड ससून त्यांच्याकडे रुग्ण म्हणून आला. १९१८ मध्ये रिव्हर्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये आपला अनुभव मांडला. त्यांचं म्हणणं असं की, सगळे जण सैनिकाला ‘विसर ते’ म्हणतात, तोही जिवाच्या आकांताने विसरायला बघतो आणि त्या धडपडीनेच त्याचा आजार बळावतो. दिवसभर तेच उगाळत बसावं, असंही त्यांचं म्हणणं नव्हतं. आठवणीकडे पाहता आलं पाहिजे आणि पाहून पुन्हा आजच्या दिवसात परतताही आलं पाहिजे, अशी त्यांची मधली वाट होती.

त्याच काळात लंडनच्या क्वीन स्क्वेअरच्या हॉस्पिटलात लुईस यीलँड हे डॉक्टर वाचा गेलेल्या सैनिकांच्या घशाला विजेचे झटके देत होते. क्रेगलॉकहार्ट अधिकाऱ्यांसाठी होतं. यीलँड यांच्यापुढे आले ते बहुतेक साधे शिपाई. कुणाचं ऐकून घ्यायचं आणि कुणाला झटका द्यायचा, यात हुद्द्याचा भाग होता. ही गोष्ट ध्यानात ठेवावी असं मला वाटतं, कारण आपल्या गावांतून फौजेत जाणारे बहुतेक जण शिपाई म्हणूनच भरती होतात.

नैराश्यावरच्या आजच्या उपचारांचं मूळही एका लष्करी हॉस्पिटलापर्यंत मागे जातं. कोरियन युद्धाच्या दिवसांत ॲरन बेक हे तरुण मनोविकारतज्ज्ञ अमेरिकेतल्या व्हॅली फोर्ज आर्मी हॉस्पिटलात नोकरीला होते. हातून चुकून आपलाच साथीदार मारला गेला आणि त्यानंतर तीव्र नैराश्यात गेले, अशा सैनिकांवर त्यांनी १९५३ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. पुढे १९६० च्या दशकात त्यांनी कॉग्निटिव्ह थेरपी उभी केली. निराश माणूस स्वतःविषयी, जगाविषयी आणि उद्याविषयी जे ठाम निष्कर्ष काढून बसलेला असतो, ते त्याच्याच मदतीने तपासून पाहायचे, हा तिचा गाभा. जगभर आज नैराश्यावर आणि चिंतेवर सर्वाधिक वापरला जाणारा बोलण्याचा उपचार याच घराण्यातला आहे.

व्हिएतनाम युद्धाहून परतलेल्यांनी मात्र डॉक्टरांची वाट पाहिली नाही. १९७० साली न्यूयॉर्कमध्ये युद्धविरोधी माजी सैनिक एकत्र बसून बोलू लागले. सरकारी हॉस्पिटलावर त्यांचा विश्वास नव्हता. रॉबर्ट जे लिफ्टन आणि खाइम शातान या मनोविकारतज्ज्ञांना त्यांनी बोलावलं, पण उपचार करणारे म्हणून नव्हे, बरोबरीने बसणारे म्हणून. शातान यांनी १९७२ मध्ये वर्तमानपत्रात लिहून या दुखण्याकडे लोकांचं लक्ष वेधलं. १९७९ मध्ये अमेरिकी काँग्रेसने हॉस्पिटलांपासून वेगळी, वस्तीतली ‘व्हेट सेंटर्स’ मंजूर केली आणि १९८० मध्ये पीटीएसडी हे निदान मनोविकारांच्या अधिकृत यादीत आलं. नंतरच्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं की व्हिएतनाममध्ये नोकरी केलेल्या पुरुषांपैकी सुमारे १५ टक्क्यांना युद्ध संपून दशक उलटल्यावरही हा आजार होता. एवढ्या लोकांना द्यायचं काय, हा प्रश्न आता टाळता येण्याजोगा नव्हता.

त्यातून ज्या दोन पद्धती पुढे आल्या, त्या दोन्ही मुळात सैनिकांसाठी नव्हत्याच. एडना फोआ आणि पॅट्रिशिया रेसिक या दोघी संशोधक बलात्कार सोसलेल्या स्त्रियांसोबत काम करत होत्या. फोआंची पद्धत प्रोलाँग्ड एक्स्पोजर, रेसिक यांची कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग. व्हेटरन्स अफेअर्सने २००६-०७ च्या सुमारास या दोन्ही पद्धती आपल्या हजारो थेरपिस्टना शिकवायला घेतल्या.

एक्स्पोजरची एक बैठक साधारण दीड तासाची. सैनिक डोळे मिटून तो प्रसंग सांगतो आणि तोही वर्तमानकाळात: ‘मी गाडीतून उतरतोय, डावीकडे भिंत आहे, धुराचा वास येतोय.’ शेवटापर्यंत पोचला की पुन्हा सुरुवातीपासून. मधूनमधून थेरपिस्ट विचारतात, शून्य ते शंभरमध्ये आत्ता त्रास किती? आकडा सांगून तो पुढे जातो. हे सगळं रेकॉर्ड होतं आणि घरी रोज ते ऐकायचं असतं. जोडीला आणखी एक यादी असते, टाळलेल्या गोष्टींची. शनिवारी गर्दीच्या सुपरमार्केटात जाणं, हॉटेलात दाराकडे पाठ करून बसणं, फटाके वाजत असताना अंगणात थांबणं. प्रत्येक गोष्टीपुढे त्रासाचा आकडा लिहायचा आणि कमी आकड्यापासून सुरुवात करून एकेक करत जायचं. त्रास उतरेपर्यंत तिथून हलायचं नाही. यामागचा विचार असा की, टाळल्यामुळे भीती जिवंत राहते. सामोरं गेलं की काही वेळाने ती आपोआप ओसरते आणि आठवण म्हणजे धोका नव्हे, हे शरीराला उमजतं.

दुसऱ्या पद्धतीत बैठका साधारण बारा. पहिल्या बैठकीनंतर सैनिकाने एक पान लिहून आणायचं: हे का घडलं असं मला वाटतं, आणि त्यानंतर माझ्या स्वतःबद्दलच्या, माणसांबद्दलच्या समजुती कशा बदलल्या. प्रसंगाचं सविस्तर वर्णन नको असतं. त्या पानातून मन जिथे अडकून पडलंय, ती वाक्यं वेचली जातात. एक उदाहरण घेऊ. ‘मी त्या दिवशी नेहमीचा रस्ता सोडला नसता तर दोघं वाचले असते.’ थेरपिस्ट हे वाक्य खोडून काढत नाहीत. ‘तुमची चूक नव्हती’ हे घरच्यांनी शंभरदा सांगून झालेलं असतं, त्याने काही हललेलं नसतं. ते विचारतात, रस्ता बदलायचं कशावरून ठरलं? त्या वेळी तुम्हाला काय माहीत होतं? सुरुंग कुठे आहे हे माहीत होतं का? नेहमीच्या रस्त्यावर तो नव्हता, हे तुम्हाला कधी कळलं, आधी की नंतर? उत्तरं सैनिकच देतो, आणि नंतर कळलेल्या गोष्टीवरून आपण आधीच्या स्वतःला शिक्षा देतोय, हे त्याचं त्याला दिसू लागतं. आठवडाभर भरायचे तक्ते असतात: घटना, त्यावरचा विचार, त्यातून आलेली भावना.

हा तक्ता मराठी वाचकांतल्या अनेकांनी आधी पाहिलेला असेल. तो मुळात अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचारातला. एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून तो विचार मुंबईत रुजवला कि. मो. फडके यांनी, आणि ठाण्याच्या आयपीएच संस्थेतून डॉ. आनंद नाडकर्णी व सहकाऱ्यांनी तो कार्यशाळांमधून, पुस्तकांमधून घरोघरी नेला. अमेरिकी फौजीच्या हातातल्या कागदावरची भाषा मराठीत आधीपासून बोलली जातेय. त्याचा उपयोग पुढे सांगतो.

दोन्ही उपचारांचा गुण येतो, याबद्दल शंका नाही. मात्र जेवढा गाजावाजा झाला तेवढा येत नाही. मारिया स्टीनकँप आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये सैनिकांवरच्या तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. उपचार घेतलेल्यांपैकी साधारण अर्ध्यांपासून सत्तर टक्क्यांपर्यंत लोकांना जाणवण्याइतकी सुधारणा झाली होती, पण दोन तृतीयांश लोकांचं निदान उपचारांनंतरही कायम होतं. आणि ही अभ्यासातली माणसं. नेहमीच्या सेवेत काय होतं? इराक-अफगाणिस्तानहून आलेल्या, पीटीएसडीचं निदान झालेल्या अडीच लाखांहून अधिक माजी सैनिकांच्या नोंदी शिरा मॅगेन यांच्या गटाने तपासल्या. या दोन्हींपैकी एखादा उपचार सुरू केलेले होते २२.८ टक्के आणि पुरा केलेले ९.१ टक्के.

आता इथे एका तिसऱ्या उपचाराची गोष्ट येते, आणि या सगळ्या विषयात मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच. औषधाची परीक्षा घेताना दुसऱ्या गटाला साखरेची गोळी देतात. बोलण्याच्या उपचारात तशी गोळी कुठून आणणार? म्हणून संशोधकांनी एक साधा उपचार रचला: आठवड्याला भेटायचं, आजाराची माहिती द्यायची आणि आज काय अडतंय त्यावर बोलायचं. बायकोशी खटका, साहेबाचा धाक, झोप, मुलाची शाळा. जुन्या प्रसंगाला हात लावायचा नाही, विचारांचे तक्ते नाहीत. नाव ठेवलं ‘प्रेझेंट-सेंटर्ड थेरपी’. खऱ्या उपचाराने याला हरवावं, एवढ्यासाठीच त्याचा जन्म.

पॉला श्नूर यांनी २००३ मध्ये व्हिएतनामच्या ३६० माजी सैनिकांवर, गटाने बसवून, ही तुलना केली. आघातावर बोलणारा गट आणि आजच्या अडचणींवर बोलणारा गट, दोघे सारखेच निघाले. २००७ मध्ये श्नूर यांनीच २८४ स्त्रियांवर, बहुतेक माजी सैनिक, एक्स्पोजर आणि हा उपचार तोलून पाहिला. या वेळी एक्स्पोजर सरस ठरलं. निदान निघून गेलेल्या स्त्रिया तिथे ४१ टक्के, तर इकडे २७.८ टक्के. मात्र मध्येच सोडणाऱ्या एक्स्पोजरच्याच गटात जास्त होत्या. मग २०१८ मध्ये खुद्द एडना फोआंनी टेक्ससच्या फोर्ट हूडमध्ये नोकरीवर असलेल्या ३७० सैनिकांवर अभ्यास केला. दोन आठवड्यांत रोज घेतलेलं एक्स्पोजर आठ आठवड्यांच्या एक्स्पोजरपेक्षा कमी पडत नाही, हे त्यातून कळलं आणि ते फार कामाचं आहे. पण आठ आठवड्यांचं एक्स्पोजर आणि तो साधा उपचार यांच्यात मोजता येण्याजोगा फरक निघाला नाही. २०१९ च्या कॉक्रेन आढाव्याने सगळं एकत्र मांडलं: आघाताला भिडणारे उपचार गुणात काहीसे वरचढ, पण साध्या उपचारात गळती सुमारे १४ टक्क्यांनी कमी. २०२३ च्या अमेरिकी लष्करी मार्गदर्शिकेत एक्स्पोजर, कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग आणि ईएमडीआर, म्हणजे डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने आठवणीवर काम करणारा उपचार, पहिल्या पंक्तीत आहेत. त्यांच्यामागच्या पंक्तीत, डॉक्टरांनी सुचवावेत अशा उपचारांमध्ये, या तिसऱ्या उपचारालाही जागा मिळाली.

हरण्यासाठी उभं केलेलं माणूस पुन्हा पुन्हा बरोबरीला यावं, याचा अर्थ काय? ब्रूस वॅम्पोल्ड यांच्यासारखे अभ्यासक म्हणतात की उपचाराचा मोठा भाग सगळ्या पद्धतींत सामाईक असतो. ऐकणारं विश्वासाचं माणूस, दुखण्याचा काहीतरी उलगडा, पुढच्या आठवड्याची भेट. मला हे अर्धं पटतं. २००७ चा निकाल नजरेआड करता येत नाही आणि ज्या सैनिकाला त्या आठवणीतून जाता आलं, त्याच्या रात्री खरोखर बदलतात. पण ज्याला ते आज झेपत नाही, त्याला ‘खरा उपचार तो एकच’ म्हणून दारातून परत पाठवणं मला चुकीचं वाटतं. आजच्या अडचणींवर बोलत तो टिकून राहिला, तर पुढचं दार उघडं राहतं.

गळतीवर सर्वांत सुटसुटीत उत्तर बॉस्टनच्या डेनिस स्लोन आणि ब्रायन मार्क्स यांनी शोधलं आहे. त्यांच्या पद्धतीत बैठका पाचच. थेरपिस्ट सूचना वाचून दाखवतात, कागद-पेन देतात आणि खोलीबाहेर जातात. सैनिक अर्धा तास हाताने लिहितो: काय घडलं, त्या क्षणी मनात काय होतं, शरीरात काय होतं. शुद्धलेखनाची फिकीर नको, थांबायचं नाही. वेळ संपला की थेरपिस्ट आत येऊन विचारतात, कसं गेलं लिहिणं? थोडं बोलणं होतं. कागद तिथेच ठेवायचा. घरचा अभ्यास नाही. २०१८ च्या अभ्यासात १२६ लोकांवर, सैनिक आणि नागरिक मिळून, हे पाच बैठकांचं लिखाण बारा बैठकांच्या कॉग्निटिव्ह प्रोसेसिंगपेक्षा उणं ठरलं नाही, आणि मध्येच सोडणारे एकीकडे ६.३ टक्के, दुसरीकडे ३९.७. २०२३ मध्ये १७८ माजी सैनिकांवर त्याची एक्स्पोजरशी तुलना झाली. गुण पुन्हा तोडीस तोड, गळती १२.५ विरुद्ध ३५.६ टक्के. समोरच्याच्या डोळ्यांत बघून जे सांगता येत नाही, ते कागदावर उतरतं. घरी चार ओळींचं पत्र धाडून ‘इकडे सर्व ठीक’ एवढंच कळवणाऱ्या माणसाला हे जमण्याजोगं आहे.

आतापर्यंत बोललो ते आघाताबद्दल. पण दवाखान्यात येणाऱ्या बऱ्याच माजी सैनिकांची तक्रार इतकी ठळक नसते. वर्दी उतरली, दिवसाला आकार उरला नाही, गुडघे दुखतात, कशात रस वाटत नाही, बसमध्ये छाती धडधडते. नैराश्य किती, चिंता किती आणि आघात किती, हे वेगळं काढता येत नाही. अशांसाठी सर्वांत साधा आणि मला सर्वांत आवडणारा उपचार म्हणजे बिहेवियरल ॲक्टिव्हेशन. मन प्रसन्न झालं की काम करीन, असं निराश माणूस म्हणतो. हा उपचार ते उलटं धरतो: आधी छोटं काम, मन मागून येईल. आठवड्याचा तक्ता, त्यात स्वतःला मोलाची वाटणारी दोन-चार कामं, केल्यावर कसं वाटलं त्याची नोंद. दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटनच्या हॉस्पिटलातून लिओनार्ड एगेडे यांच्या गटाने ५८ वर्षांवरच्या २४१ निराश माजी सैनिकांवर याच्या आठ बैठका करून पाहिल्या. काहींना दवाखान्यात बोलावून, काहींना घरी बसून व्हिडिओ फोनवर. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त आलेला निकाल असा की फोनवरचा उपचार प्रत्यक्ष भेटीपेक्षा उणा नाही. त्याच चार्ल्सटनमध्ये डॅनियल ग्रॉस यांनी वेगवेगळ्या निदानांना वेगवेगळे उपचार शिकवत बसण्यापेक्षा, टाळण्याची सवय हा सगळ्यांतला समान धागा पकडून एकच उपचार बांधला. एका माणसाला तीन-तीन निदानं असतात आणि गावाजवळच्या दवाखान्यात समुपदेशक एकच असतो, तिथे या वाटेचं महत्त्व मोठं आहे.

काही जखमा मात्र भीतीच्याही नसतात आणि आळसावल्या दिवसांच्याही नसतात. आपण जे केलं, किंवा करू दिलं, ते आपल्याच नीतीला धरून नव्हतं, ही टोचणी असते. जोनाथन शे यांनी व्हिएतनामच्या सैनिकांसोबत काम करून १९९४ मध्ये यावर पुस्तक लिहिलं, ब्रेट लिट्झ आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ‘मॉरल इंज्युरी’ची चौकट मांडली. लिट्झ यांच्या उपचारात सैनिक मनातल्या मनात एका वडीलधाऱ्या, आपलं भलं चिंतणाऱ्या माणसापुढे सगळं कबूल करतो आणि त्या माणसाचं उत्तरही स्वतःच मोठ्याने बोलतो. इथे ‘तुमची चूक नव्हती’ हे उत्तर चालत नाही, कारण कधी कधी चूक असते. मग भरपाई काय करता येईल, हे बोलावं लागतं.

आपल्याकडे साताऱ्याजवळचं अपशिंगे गाव ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जण कामी आले. पश्चिम महाराष्ट्रात फौजेतून पेन्शनीत आलेल्याला, हुद्दा काहीही असो, ‘मेजर’ म्हणून हाक मारतात. त्या हाकेत आदर आहे, पण ती हाक माणसाला एका ठरावीक उंचीवर उभंही करते. ‘काय मेजर, बरं हाय न्हवं?’ या प्रश्नाला ‘एकदम’ याखेरीज दुसरं उत्तर द्यायची सोय नसते. घरात रात्री काय चालतं ते बायकोला माहीत असतं. ती बोलते ते बहुतेक वेळा कँटीनच्या दारूबद्दल किंवा त्यांच्या तापटपणाबद्दल, कारण त्याला आजार म्हणतात हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. कँडिस मॉन्सन यांनी अमेरिकेत आणि कॅनडात जोडप्यांना एकत्र बसवून पीटीएसडीवर उपचार केले आणि २०१२ च्या त्यांच्या अभ्यासात आजारही उतरला व संसारही सुधारला. आपल्या गावांना हा धडा फार जवळचा आहे.

गप्प राहण्याची सवय नोकरीतच लागते. फौजेत जवानाची तंदुरुस्ती ‘शेप’च्या पाच अक्षरांत मोजतात आणि त्यातलं पहिलंच अक्षर मनासाठी आहे. ‘शेप-वन’ राहणं म्हणजे बढती, चांगली पोस्टिंग, मान. मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवलं की कमांडिंग ऑफिसरचा ठरावीक नमुन्यातला अहवाल मागवला जातो आणि ‘लो मेडिकल कॅटेगरी’ची भीती बसते. ज्याने पंधरा-वीस वर्षं ही भीती बाळगली, तो पेन्शनीत आल्यावर एका दिवसात मोकळा होत नाही. २००३ पासून माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही आरोग्ययोजना आहे, तिची पॉलिक्लिनिकं आहेत. मेजर तिथे जातात, पण साखर आणि ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेऊन येतात.

तरी दोन गोष्टी आपल्या हाताशी आहेत. ऑक्टोबर २०२२ पासून टेली मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चालते. चोवीस तास, विनामूल्य, मराठीतही. १ डिसेंबर २०२३ ला पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे एएफएमसीमध्ये, तिचा सैन्यदलं आणि त्यांच्या कुटुंबांसाठीचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला. जीव नकोसा वाटतोय, असं घरातलं कुणी म्हणालं, तर त्याच क्षणी हा नंबर लावावा. दुसरी गोष्ट म्हणजे मराठीत बोलण्याच्या उपचारांची तयार असलेली परंपरा, तिचे तक्ते, तिचे शिकवलेले समुपदेशक आणि त्यांनी घडवलेली साधी, घरगुती भाषा.

या दोन्ही जुळवून एक अभ्यास व्हावा, असं मला मनापासून वाटतं. अमेरिकेत नऊशेहून अधिक जणांवर झाला तेवढा मोठा नसला तरी चालेल. सातारा, कोल्हापूर, सांगलीतले काही तालुके घ्यावेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि तालुक्याच्या माजी सैनिक संघटनेमार्फत, ‘मानसिक आजार’ हा शब्द न वापरता, झोप आणि चिडचिड यांची चौकशी करत माणसांपर्यंत पोचावं. एका गटाला फोनवरून आठ बैठकांचा कामांचा तक्ता द्यावा, दुसऱ्याला पाच बैठकांचं लिखाण. ज्यांना लिहिणं जड जातं, त्यांना बोलून रेकॉर्ड करू द्यावं. घरच्या बाईंना पहिल्या दिवसापासून बोलवावं. कुणाचा त्रास किती उतरला हे मोजावंच. जे अर्ध्यावर थांबतील, त्यांच्या घरी त्यांच्याच रेजिमेंटचा एखादा सुभेदार जावा, चहा घ्यावा आणि विचारावं, मेजर, का थांबलात? ती उत्तरं पुढच्या गटाच्या उपचाराआधी लिहून काढावीत.